अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी 'पायलटची चूक' कशी काय ठरते?

खिडकीची_जागा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे, आज धागा काढतोच.

विमान पडलं की ब्लॅक बॉक्स सापडायच्या आत चॅनेलवर कुणीतरी कोटवाले तज्ज्ञ 'प्रथमदर्शनी पायलटची चूक' असं सांगून मोकळे होतात. मग दीड-दोन वर्षांनी जाडजूड अहवाल येतो, तोवर सगळे विसरलेले असतात. मला हे अहवाल वाचायचा नाद लागलाय. वाचून झोप उडते, पण सुटत नाही.

एकच उदाहरण देतो. २० जानेवारी १९९२, एअर इंटर १४८, स्ट्रासबर्गला उतरणारं एअरबस ए-३२०. रात्रीची वेळ, ढग. विमान डोंगरावर आदळलं, ८७ माणसं गेली. या विमानात खाली उतरण्याचं प्रमाण ठरवायला एकच गोल खटका होता. तो एका मोडमध्ये उतरणीचा कोन घ्यायचा, दुसऱ्या मोडमध्ये मिनिटाला किती फूट उतरायचं ते. वैमानिकांना बहुधा ३.३ अंशाचा कोन हवा होता. विमान मात्र दुसऱ्या मोडमध्ये होतं, त्यामुळे ते मिनिटाला ३३०० फुटांनी खाली यायला लागलं. आता गंमत बघा (गंमत कसली डोंबलाची): छोट्या पडद्यावर एका मोडमध्ये 'उणे ३.३' दिसायचं आणि दुसऱ्यात 'उणे ३३'. फरक एका टिंबाचा. शिवाय जमीन जवळ आली की ओरडणारं यंत्र त्या विमानात बसवलेलंच नव्हतं.

नंतर कंपनीने पडदा बदलला, फुटांच्या मोडमध्ये चारही आकडे दिसायला लागले.

तर प्रश्न असा: ही चूक कुणाच्या खात्यात टाकायची? आणि 'पायलट एरर' हे कारण म्हणून लिहिण्यात काही अर्थ आहे का?

(चौकशी अजून चालू असलेल्या अपघातांवर इथे निकाल लावू नयेत ही विनंती. जुने, अहवाल आलेलेच घेऊया.)

---

निवांत

रुमाल टाकून ठेवतो. रात्री बसून वाचेन.

---

नीरक्षीर

विषय चांगला, पण सूर पटला नाही. पायलटला पगार कशाचा मिळतो? आकडा कुठल्या मोडमध्ये आहे ते बघण्याचाच ना? खटका वाईट होता हे मान्य, पण तोच खटका वापरून त्याच वर्षी हजारो विमानं नीट उतरली की.

आणि प्रत्येक वेळी यंत्राकडे बोट दाखवता येत नाही. ईस्टर्न ४०१ घ्या. २९ डिसेंबर १९७२, मायामीजवळ. पुढचं चाक खाली आल्याचा दिवा लागेना, म्हणून कॉकपिटमधली झाडून सगळी माणसं त्या दिव्याच्या मागे. विमान हळूहळू खाली येतंय याकडे कुणाचं लक्षच नाही. दलदलीत जाऊन पडलं, १०१ माणसं गेली. आणि दोष कशात, तर दिव्याच्या बल्बमध्ये! आता यात डिझाइनरने काय करायला हवं होतं? एकाने विमान उडवायचं, बाकीच्यांनी बल्ब बघायचा, इतकी साधी गोष्ट होती.

---

शंकासूर

आम्ही फक्त वाचणार. विमानात बसायचं झालं की मला आधीच घाम फुटतो, त्यात हा धागा. धन्यवाद हं, खिडकीची जागा.

---

स्क्रू_ढिला

@नीरक्षीर, ईस्टर्नचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण त्यातलं यंत्र मला आवडतं. (म्हणजे आवडत नाही.)

विमान ऑटोपायलटवर २००० फुटांवर फिरत होतं. कुणाचा तरी हात किंवा गुडघा स्टिअरिंगला लागला असावा आणि उंची धरून ठेवणारा भाग सुटला. नुसता थोडासा दाब पडला की तो सुटायचा. सुटल्यावर मोठा भोंगा? छे. उंची ठरल्यापेक्षा खाली गेली तेव्हा एक बारीकसा घंटीसारखा सूर वाजला, अर्धा सेकंद. आणि तो वाजला फ्लाइट इंजिनिअरच्या जागेवरच्या स्पीकरमधून. इंजिनिअर कुठे? कॉकपिटच्या खालच्या खोलीत, चाकं डोळ्यांनी दिसतात का ते बघायला उतरलेला. बाहेर अंधार, खाली दलदल, एक दिवा नाही. समोरच्या दोघांना विमान जागच्या जागी आहे असंच वाटत होतं.

एकाने विमान उडवायचं हा धडा तुम्ही म्हणता तसा साधा आहे आणि त्या अपघातानंतर तो घोटून घेतला गेला, हे शंभर टक्के खरं. पण जे आता साधं वाटतं ते आधी कुणाच्या तरी जिवावर शिकलेलं असतं.

मी स्वतः कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या क्षेत्रात (विमानाच्या नाही) काम करतो. आम्हाला पहिल्या वर्षी जी गोष्ट सांगतात ती इथे सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवर आपटून पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली-वर होणारे भाग) आत घ्यायला जायचे आणि चाकं आत घ्यायचे. 'पायलटची चूक' असा शिक्का मारून फाइल बंद. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये बघितलं की दोन्ही खटके शेजारी आहेत आणि हाताला अगदी सारखे लागतात. सी-४७ या मालवाहू विमानांत असं होत नव्हतं. त्याने चाकाच्या खटक्याला रबरी चाकासारखं टोक लावलं, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखं. प्रकार थांबला. आजही कुठल्याही प्रवासी विमानाचा फोटो काढून बघा, चाकाच्या खटक्याचं टोक चाकाच्याच आकाराचं असतं. नियमातच तसं लिहिलंय.

वैमानिकांना 'लक्ष द्या, लक्ष द्या' असं किती वर्षं ओरडत राहिले असते?

---

चक्रम_काका

@शंकासूर, घाबरायचं नाही. मागची सीट घ्या, अपघात झाला तर बाकीच्यांपेक्षा शेकंदभर उशिरा पोचता. (ह. घ्या.)

---

शंकासूर

काका, 😡

---

आडवातिडवा

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

संपादक

आडवातिडवा, चालू चौकशीवरचा प्रतिसाद काढून टाकल्याबद्दल धन्यवाद. धागाकर्त्याची विनंती सगळ्यांनी पाळावी. मृतांच्या घरचे लोकही वाचत असतात.

---

उजवी_सीट

नाव बघून ओळखलं असेलच. फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे बोलीभाषेत को-पायलट. कंपनी विचारू नका.

नीरक्षीर यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. आम्ही आपसात बोलतो तेव्हा 'यंत्राने केलं' असं म्हणणाऱ्याला कुणी भाव देत नाही. पण कॉकपिटमधली चूक बहुतेक वेळा एका माणसाच्या डोक्यात होत नाही, ती दोघांच्या मधल्या जागेत होते. तेनेरीफेचं उदाहरण सगळ्यांनी ऐकलं असेल, तरी सांगतो, कारण लोक त्यातला अर्धाच भाग सांगतात.

२७ मार्च १९७७. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून सगळी विमानं लॉस रोडेओस या छोट्या विमानतळावर वळवली. टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर) विमानांची गर्दी, त्यामुळे धावपट्टीवरूनच चालत जायचं. वर दाट धुकं. केएलएमचं ७४७ एका टोकाला उड्डाणाला तयार, पॅन अ‍ॅमचं ७४७ अजून धावपट्टीवरच. केएलएमच्या कॅप्टनने परवानगीशिवाय थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्या) पुढे ढकलले. ५८३ माणसं गेली. आजवरचा सगळ्यात मोठा विमान अपघात.

लोक इथे थांबतात आणि म्हणतात, कॅप्टन उर्मट होता. आता पुढचं ऐका.

एक, को-पायलटने आधी एकदा अडवलं होतं. कॅप्टनने थ्रॉटलला हात घातल्यावर 'थांबा, अजून परवानगी नाही' असं तो म्हणाला. कॅप्टनने 'ठाऊक आहे, विचार' म्हटलं. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा तो बोलला नाही. त्याच्या जागी बसून बघा: ज्याने तुमची ७४७ची परीक्षा घेतली तोच माणूस डावीकडे बसलाय, कंपनीचा सगळ्यात मोठा प्रशिक्षक, जाहिरातीत ज्याचा फोटो. एकाच मिनिटात दुसऱ्यांदा त्याला 'तुम्ही चुकताय' म्हणायचं?

दोन, टॉवरने 'ओके' म्हटलं, मग 'थांबा, मी कळवतो' असंही म्हटलं. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमवाला 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' असं सांगत होता. दोघं एकदम बोलले म्हणून केएलएमच्या कानात नुसती शिट्टी. दोन्ही वाक्यं वाचवणारी होती.

तीन, मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला मात्र शंका आली. 'तो पॅन अमेरिकन अजून बाहेर पडला नाही का?' असं त्याने विचारलं. कॅप्टन ठामपणे म्हणाला, 'हो हो.' संपलं.

चार, हा कॅप्टन वर्षानुवर्षं सिम्युलेटरवर शिकवत होता. तिथे टॉवरही प्रशिक्षकच असतो, परवानगी तोच देतो. तपासात हे नोंदवलंय.

आणि पाच, ड्यूटीच्या तासांचा कडक नियम. अजून उशीर झाला असता तर त्यांना उडताच आलं नसतं, प्रवाशांची रात्रीची सोय करावी लागली असती.

या पाचातलं एकही निमित्त कॅप्टनला निर्दोष ठरवत नाही. पण उद्या दुसरा कॅप्टन त्या खुर्चीत बसेल तेव्हा त्याच्या कामी या पाचच गोष्टी येतात. 'तो उर्मट होता' हे वाक्य काही कामाचं नाही. तेनेरीफेनंतरच 'टेक-ऑफ' हा शब्द रेडिओवर प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, हे ठरलं. आम्ही ते रोज पाळतो.

---

निवांत

वा! दंडवत. असा प्रतिसाद आला की धाग्याचं सार्थक होतं.

---

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ. उजवी_सीट यांनी 'दुसऱ्यांदा बोलला नाही' हे लिहिलं तिथे थबकले. आमच्या थिएटरात हेच. सर्जन मोठे, सिस्टर बारा वर्षं त्यांच्यासोबत, तिला काहीतरी खटकतं आणि ती आधी माझ्याकडे बघते, सरांकडे नाही.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेची चेकलिस्ट आणली, ती विमानवाल्यांकडूनच उचललेली कल्पना. त्यात एक भाग लोकांना पोरकट वाटतो: चिरा द्यायच्या आधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. आमच्याकडे पहिल्यांदा सगळे हसले होते. पण ज्याने एकदा तोंड उघडलंय त्याला पुढे अडचण सांगायला जड जात नाही, हा त्यामागचा हिशोब. अनुभवाने सांगते, खरं आहे.

स्क्रू_ढिला यांच्या खटक्याचा भाऊ आमच्याकडेही आहे. भुलीच्या यंत्राला सिलिंडर लावतात तिथे दोन खुंट्या असतात आणि प्रत्येक वायूच्या सिलिंडरला त्या खुंट्यांची भोकं वेगळ्या जागी. ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइड लावायचं म्हटलं तरी बसत नाही. कितीही झोपेत असा.

---

नीरक्षीर

@उजवी_सीट, माहिती उत्तम, पण माझा मुद्दा तिथेच आहे. तेनेरीफेनंतर तीस-पस्तीस वर्षं ते तुमचं सीआरएम (कॉकपिटमध्ये एकमेकांशी बोलायचं-ऐकायचं प्रशिक्षण) शिकवून झालं ना? मग मंगळूर? २२ मे २०१०. १६६ पैकी १५८ गेले. विमान फार उंचावरून आणि वेगात आलं, को-पायलटने तीनदा 'गो अराउंड' (उतरू नका, परत वर चला) म्हटलं, जमिनीची सूचना देणारं यंत्र ओरडत होतं. कॅप्टनने ऐकलं नाही. चौकशी अहवालानेही स्पष्ट शब्दांत कॅप्टनचं नाव घेतलंय. याला आता काय म्हणायचं? इथेही खटका शोधायचा?

---

उजवी_सीट

प्रश्न रास्त आहे. अहवालात मुख्य कारण तुम्ही म्हणता तेच आहे, मी ते नाकारणार नाही.

फक्त पुढची पानंही वाचा. कॅप्टन दीड तासाहून जास्त वेळ झोपला होता, घोरण्याचा आवाज कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. गाढ झोपेतून उठलेलं डोकं काही वेळ जडच असतं, आकडे डोळ्यांना दिसतात पण त्यांचा अर्थ उशिरा लागतो. वेळ कुठली, तर पहाटेची, शरीराचा सगळ्यात मंद काळ. तिथलं रडार बंद होतं म्हणून खाली यायची परवानगी उशिरा मिळाली, विमान मुळात उंच राहिलं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: को-पायलटने स्वतः ताबा घेऊन गो-अराउंड करायचा की नाही याबद्दल सूचना संदिग्ध होत्या, असं चौकशीतच म्हटलंय. म्हणून तो तीनदा बोलला, पण विमान हातात घेतलं नाही.

आता पद्धत अशी झालीय: ठराविक उंचीला, साधारण १००० फुटांवर, वेग, उतार, चाकं, फ्लॅप, सगळं जागेवर हवं. नसेल तर दोघांपैकी कुणीही 'गो अराउंड' म्हणायचं आणि म्हटल्यावर चर्चा नाही, वर जायचं. दोनदा सांगून उत्तर नाही आलं तर समोरचा शुद्धीत नाही असं धरून ताबा घ्यायचा. सिम्युलेटरमध्ये याचा सराव घेतात. प्रशिक्षक डावीकडे बसून मुद्दाम ढिम्म राहतो, आणि तुम्ही तोंडाने बोलत बसता की हात पुढे करता ते बघतो. तेही जड जातं बरं का. माहीत असूनसुद्धा की हा खेळ आहे.

---

रुळावरचा

निवृत्त लोको पायलट. वरचं सगळं वाचलं. आमच्याकडेही सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने म्हणायचा, एकमेकाला दुजोरा द्यायचा. नवीन पोरं लाजतात सुरुवातीला.

दुसरं म्हणजे, ड्रायव्हर जागा आहे का हे बघायला एक यंत्र असतं. ठराविक वेळ काही हालचाल केली नाही की दिवा लागतो, मग आवाज, मग ब्रेक. बटण दाबलं की गप्प. पहाटे तीन-साडेतीनला हात बटणावर आपोआप जातो हो. माणूस झोपलेला आणि हात जागा. झोपेवर इलाज एकच, झोप. बाकी सगळं वरवरचं.

---

चक्रम_काका

काका लोकांनी आता काही गंभीर लिहायला हवं, म्हणून लिहितो.

भोंग्यावरून हेलिओस ५२२ आठवलं. १४ ऑगस्ट २००५. सायप्रसहून निघालेलं ७३७. रात्री दुरुस्तीवाल्यांनी हवेच्या दाबाचा स्विच तपासणीसाठी 'मॅन्युअल'वर नेला आणि तो तिथेच राहिला. निघताना चेकलिस्टमध्येही निसटला. विमान चढत गेलं, आत हवा विरळ. भोंगा वाजला. पण तोच भोंगा जमिनीवर असताना 'उड्डाणाची तयारी अपुरी आहे' यासाठीही वाजायचा! वैमानिकांना वाटलं तोच वाजतोय, हवेत कसा काय? त्या कोड्यात पडले आणि ऑक्सिजन कमी पडून शुद्ध गेली. विमान इंधन संपेपर्यंत आपलं आपण उडत होतं. १२१ माणसं.

एका भोंग्याला दोन अर्थ. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?

---

खिडकीची_जागा

काका, तुम्ही गंभीर झालात की भीती वाटते.

भूलवाली, तुमच्या सिस्टरवरून केगवर्थ आठवलं. ८ जानेवारी १९८९, ब्रिटिश मिडलंड, नवं ७३७-४००. डावं इंजिन बिघडलं, वैमानिकांनी उजवं बंद केलं. आत धूर येत होता, आणि जुन्या ७३७ च्या अनुभवावरून केबिनची हवा उजव्या इंजिनाकडून येते असा त्यांचा समज. कंपनाचा मीटर डावं इंजिन दाखवत होता, पण तो काटा नखाएवढा, आणि जुन्या विमानांत तो इतका बेभरवशाचा की कुणी त्याकडे बघायचं नाही. उजवं बंद केल्यावर योगायोगाने थरथर कमी झाली, त्यामुळे खात्रीच पटली.

कॅप्टनने स्पीकरवरून सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलंय. मागच्या प्रवाशांनी आणि केबिन क्रूपैकी काहींनी डाव्या बाजूने ठिणग्या आणि ज्वाळा बघितल्या होत्या. कुणीच काही बोललं नाही. वैमानिकाला आपल्यापेक्षा जास्त कळतं ना! ४७ जण गेले.

---

आडवातिडवा

एवढं सगळं वाचून एकच कळतं की माणूस काढून टाका. झोपतो काय, घाबरतो काय, सरांपुढे गप्प बसतो काय. संगणकाला सर नसतात.

---

स्क्रू_ढिला

आडवातिडवा, संगणक काम सोडून देतो तेव्हा ते कुणाच्या गळ्यात पडतं? एअर फ्रान्स ४४७, १ जून २००९, अटलांटिकवर. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचलं, आकडे जुळेनात, ऑटोपायलट म्हणाला 'घ्या तुमचं विमान' आणि बाजूला झाला. मध्यरात्री, वादळी ढगांत, ३५ हजार फुटांवर. तोवर त्या उंचीवर हाताने विमान उडवायचा सराव कुणाला होता? नाक वर ओढलं गेलं, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना ते उचलून धरता येईना. २२८ माणसं. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रात पडेपर्यंत साडेचार मिनिटंही नाहीत.

त्यातला एक तपशील मला कायम छळतो. स्टॉलची सूचना वाजत होती, पण वेग फारच कमी झाला की संगणक तो आकडा खोटा समजायचा आणि सूचना बंद करायचा. मग वैमानिकाने नाक खाली केलं, म्हणजे बरोबर केलं, की आकडा पुन्हा खरा वाटायला लागायचा आणि सूचना पुन्हा सुरू! बरोबर केलं की ओरडा, चूक केली की शांतता. यात माणूस वेडा होईल नाहीतर काय.

---

भूलवाली

बाप रे. हे माहीत नव्हतं.

---

उजवी_सीट

आणि वाचलेल्या विमानांचं काय? क्वांटस ३२, ४ नोव्हेंबर २०१०, ए-३८० चं इंजिन हवेत फुटलं, तुकडे पंखातून आरपार. बिघाडांची यादी स्क्रीनवर संपेचना. कॅप्टनने काही वेळाने विचारच उलटा केला: काय बिघडलंय ते सोडा, काय चालू आहे ते मोजा. त्या दिवशी योगायोगाने कॉकपिटमध्ये पाच वैमानिक होते. ४६९ माणसांपैकी एकालाही इजा नाही. अशा दिवशी अहवालात 'कारण: पायलट' असं कुणी लिहीत नाही.

न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरलेलं विमानही तसंच, १५ जानेवारी २००९, १५५ही जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर बघितलं, तर पक्षी आदळताच ताबडतोब वळलं तर विमानतळ गाठता येत होता. पण काय झालंय हे कळायला लागणारे ३५ सेकंद धरल्यावर विमान पोचलं नाही. आपण घरी बसून अहवाल वाचतो तेव्हा ते ३५ सेकंद आपल्याकडून नेहमी राहून जातात.

---

नीरक्षीर

हे शेवटचं मान्य. अगदी मान्य.

पण उलट टोकालाही जाऊ नका. तैवानचं ट्रान्सएशिया २३५ घ्या, ४ फेब्रुवारी २०१५. एक इंजिन गेलं, कॅप्टनने चालू असलेल्या इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढला. ४३ जण गेले. इथे मीटर नखाएवढा नव्हता. चौकशीत असंही निघालं की त्या कॅप्टनची सिम्युलेटरमधली कामगिरी आधीच कच्ची होती, इंजिन बंद पडल्यावर करायच्या गोष्टींतच तो अडखळायचा.

---

स्क्रू_ढिला

म्हणजे कच्चा आहे हे कंपनीला माहीत होतं, तरी चार पट्ट्या लावून डावीकडे बसवला. आता सांगा, चूक कुणाची?

---

नीरक्षीर

दोघांची. बसवणाऱ्याची आणि ओढणाऱ्याची. मी 'दोघांची' म्हणतोय, तुम्ही लोक ओढणाऱ्याला वगळता, एवढाच वाद आहे.

---

उजवी_सीट

वगळत नाही हो. आमचं लायसन्स जातं, कधी जीवही जातो, त्याहून जास्त काय द्यायचं? अपघात तपासणीचे आंतरराष्ट्रीय नियम, आयकाओचं (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं) परिशिष्ट १३, सरळ सांगतात की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. दोष वाटायला कोर्टं आहेत. दोन्ही एकाच टेबलावर आणले की माणसं खरं सांगायची बंद होतात. अमेरिकेत १९७६ पासून नासाकडे वैमानिक आपल्या चुका गुप्तपणे कळवतात. मुद्दाम केलेली, गुन्ह्यात मोडणारी किंवा अपघाताची गोष्ट सोडली तर त्यावरून सहसा शिक्षा होत नाही. तिथे येणारी माहिती दुसरीकडून मिळणं शक्यच नाही.

---

निवांत

उशिरा आलो. दोन पैसे माझे. ७३७ मॅक्सचं कुणी कसं काढलं नाही? ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअर, मार्च २०१९ मध्ये इथिओपियन, मिळून ३४६ माणसं. पहिल्या अपघातानंतर किती जणांनी 'तिकडच्या पायलटांना उडवता येत नाही' असं म्हटलं होतं आठवा. नाक खाली दाबणारी एमकॅस नावाची यंत्रणा विमानात आहे हे वैमानिकांच्या पुस्तकातच नव्हतं. ती एकाच सेन्सरवर विसंबून. आणि काही बिघडलं तर पायलट चार सेकंदांत ओळखेल आणि सावरेल, असं कागदावर गृहीत धरलेलं. वर चार-पाच वेगवेगळे इशारे एकदम, त्यातून ओळखायचं.

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी या प्रकरणात दिसतं. पहिल्यांदाच 'पायलट' म्हणून फाइल मिटली नसती आणि पुढचे प्रश्न जोरात विचारले गेले असते, तर साडेचार महिन्यांनी दुसरं विमान तसंच पडलं असतं का?

---

खिडकीची_जागा

निवांत, नेमकं. '७०-८० टक्के अपघात मानवी चुकीने' हा आकडा सर्रास फेकला जातो, त्याबद्दल माझं हेच म्हणणं होतं. 'का?' विचारणं कुठे थांबवलं त्यावर तो आकडा ठरतो. खटका बनवणारा माणूसच, ड्यूटी लावणारा माणूसच, चार सेकंद कागदावर लिहिणाराही माणूसच. नीरक्षीर यांचं 'दोघांची' मी 'सगळ्यांची' असं वाचतो, पण ओढणाऱ्यालाही धरून. चालेल?

---

नीरक्षीर

तूर्तास चालेल. :)

---

भूलवाली

उजवी_सीट, एक शंका राहिली. ४४७ मध्ये एकजण दांडी मागे ओढतोय हे शेजारच्याला दिसलं कसं नाही?

---

उजवी_सीट

ताई, एअरबसमध्ये दांडी प्रत्येकाच्या बाहेरच्या हाताला असते, छोटी, आणि दोन्ही दांड्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. एकाने ओढली तर दुसऱ्याची हलत नाही. दोघांनी एकदम हलवल्या तर यंत्र दोन्हींची बेरीज घेतं आणि 'ड्युअल इनपुट' असं ओरडतं. अंधारात, दहा इशारे चालू असताना शेजाऱ्याच्या पलीकडच्या हाताकडे कोण बघणार? बोइंगमध्ये दोन्ही स्टिअरिंग एकत्र हलतात, ते पोटाला लागतं तेव्हा कळतंच. आता जोडल्यासारख्या हलणाऱ्या दांड्याही आल्यात, गल्फस्ट्रीमच्या जी-५०० या बिझनेस जेटमध्ये आहेत. एअरबसवाले त्यांच्या पद्धतीचं समर्थन करतात, आणि त्यांच्याकडेही मुद्दे आहेत. त्यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी येतो.

---

शंकासूर

काढू नका. माझं पुढच्या आठवड्यात तिकीट आहे.